पट्टी देण्याआधी एक प्रश्न विचारा: फार्मासिस्टांना खुलं पत्र

औषधांच्या दुकानात काउंटरपलीकडे उभ्या असणाऱ्या तमाम फार्मासिस्ट मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

खोकल्याचं औषध मागितलं की फळीकडे हात नेता नेता तुम्ही विचारता, "कोरडा की कफाचा?" हा प्रश्न तुमच्या जिभेवरच असतो. उत्तर मिळेपर्यंत बाटली खाली येत नाही आणि उत्तराप्रमाणे बाटली बदलते. "घोरण्यावर काही आहे का?" असं विचारलं की मात्र नाकावर चिकटवायच्या पट्ट्यांचं पाकीट लगेच समोर येतं. फार तर मोठ्या हव्यात की मध्यम, एवढंच विचारलं जातं. मला तुमच्याकडून खोकल्यासारखाच एक प्रश्न हवा आहे: नुसता आवाज येतो, की मध्येच श्वासही थांबतो?

मी घोरणाऱ्याच्या शेजारी झोपणारी बाई. घोरणारा डाराडूर झोपतो, घोर लागतो शेजारच्याला. घोरण्यावर चिठ्ठीशिवाय मिळणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू गेल्या चार वर्षांत मी विकत आणली आहे. मी आणली, नवऱ्याने नाही, हे मुद्दाम सांगते. त्याच्या मते तो घोरतच नाही. "मी जागाच होतो, डोळे मिटून पडलो होतो," हे त्याचं ठरलेलं उत्तर. म्हणजे काउंटरवर येणारं गिऱ्हाईक बहुतेकदा आजारी माणूस नसतं, त्या आजाराचं साक्षीदार असतं. आजारी माणसाला स्वतःला जे कधीच दिसणार नाही, ते त्याने रोज रात्री पाहिलेलं असतं. तुम्ही विचारलंत तर ते सांगेल. नाही विचारलंत तर पाकीट घेऊन घरी जाईल.

एका दिवसाची पिशवी मला अजून आठवते. तीन वस्तू होत्या तिच्यात. रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या. एका गोळीने भागेना म्हणून डॉक्टरांनी नुकतीच दुसरी सुरू केली होती. नाकाच्या पट्ट्या. आणि "रात्री झोप होते पण सकाळी उठल्यावर डोकं जड असतं, दिवसभर मरगळ असते" असं मी सांगितल्यावर मिळालेली, गुंगी आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांची स्ट्रिप. तिन्ही वस्तू काउंटरवर शेजारी शेजारी पडल्या होत्या आणि त्यांच्यातून एक आजार सरळ वाचता येत होता. पलीकडच्या गृहस्थांनी त्यांची बेरीज केली, पण पैशांची. मी नाव घेत नाही. मला तरी कुठे वाचता आलं होतं? पण मी ते शिकलेली नव्हते.

त्यानंतर आठ महिन्यांनी नवरा लाल सिग्नलला गाडी उभी करून झोपला. मी शेजारी बसले होते. हिरवा लागला, मागचे हॉर्न सुरू झाले, मी त्याच्याकडे पाहिलं तर मान छातीवर आणि तोंड उघडं. पाय ब्रेकवर होता, एवढं नशीब. सकाळचे अकरा वाजले होते आणि आदल्या रात्री तो आठ तास अंथरुणात होता.

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट ऐकलं. म्हणजे चार वर्षं ऐकतच होते, पण कानांवर उशी दाबून. त्या रात्री फोनचं स्टॉपवॉच हातात धरून बसले. घोरणं चढत चढत गेलं आणि पुढच्या श्वासाच्या जागी काहीच आलं नाही. पूर्वी याच क्षणी मला हायसं वाटायचं, की बाबा थांबला एकदाचा. आता बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर पोट आणि छाती एकमेकांविरुद्ध हलत होती. एक वर गेलं की दुसरं आत. शरीर श्वास ओढत होतं आणि हवा आत जात नव्हती. दहा सेकंद, वीस, तीस. चौतिसाव्या सेकंदाला पाण्यातून वर आल्यासारखा आवाज झाला, अंग दचकलं, कूस बदलली, पुन्हा घोरणं. मिनिटभराने पुन्हा तेच. मी तासभर मोजलं आणि मग मोजणं सोडून दिलं.

पुढे स्लीप स्टडी झाली, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन रात्रभर मोजणारी तपासणी. तासाला एकेचाळीस वेळा श्वास थांबत किंवा उथळ होत होता. निदान दहा सेकंद श्वास बंद राहिला तर त्याला ॲप्निया म्हणतात, आणि झोपेत असं वारंवार होणाऱ्या आजाराला स्लीप ॲप्निया. असे प्रसंग आणि अर्धवट अडलेले श्वास यांची तासाची सरासरी पाचाच्या खाली असली तर ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. तंत्रज्ञ मुलीने आलेख दाखवला. ऑक्सिजनची रेघ करवतीच्या दातांसारखी होती, सर्वांत खालचा दात ७४ टक्क्यांवर.

आता आमच्या खणाविषयी. पलंगाशेजारच्या खणात मी आणलेली सगळी शस्त्रं होती. ती सगळी भंपक होती असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही तसं समजू नका.

नाकाच्या पट्टीत दोन लवचिक प्लास्टिकच्या काड्या असतात. त्या सरळ व्हायला बघतात आणि नाकपुड्यांच्या बाजू बाहेर ओढतात, त्यामुळे नाकातली सर्वांत अरुंद जागा जराशी रुंदावते. नाक चोंदल्यामुळे घोरणाऱ्याला तिचा खरंच उपयोग होतो. मीही सर्दी झाली की लावते. पण ॲप्नियात अडथळा असतो घशात. जागेपणी घशाचे स्नायू ती नळी ताणून उघडी ठेवतात. झोपेत ते सैलावतात, जीभ मागे पडते, मऊ टाळू आणि पडजीभ लोंबते. वाट अरुंद झाली की हवा जोरात घुसते आणि सगळं फडफडतं, ते घोरणं. वाट पुरती मिटली की आवाजही नाही आणि श्वासही नाही. नाकावर पट्टी लावणं म्हणजे जिन्यात आडवं कपाट अडकलेलं असताना खालचं दार सताड उघडून ठेवणं.

घशात मारायचा स्प्रे. तेल, ग्लिसरीन, पुदिन्याचा अर्क, असं काहीबाही. घसा ओला राहिला तर फडफड कमी होईल, ही त्यामागची कल्पना. पण चार वेळा गिळलं की तो पोटात, आणि रात्र तर पुढे सात तास पडलेली. बाटलीवर 'रात्रभर' असं छापलेलं होतं.

नाक मोकळं करणाऱ्या थेंबांचा किस्सा जास्त वाईट. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन ही नावं तुम्ही दिवसातून वीस वेळा वाचता. तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नये, हेही तुम्हाला पाठ असेल, कारण नंतर औषध उतरलं की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस पुन्हा बाटली उचलतो. आमच्याकडे हा चार दिवसांचा पाहुणा पाच महिने घरजावई होऊन राहिला. दर पंधरा दिवसांनी मी नवी बाटली नेत होते, त्याच काउंटरवरून. नाक आधीच चोंदलेलं, त्यात थेंबांनी आणखी चोंदलेलं. घोरणं वाढलं, म्हणून मी पट्ट्याही वाढवल्या.

हनुवटीचा पट्टा. डोक्यावरून हनुवटीखाली बांधायचा, तोंड मिटलेलं राहावं म्हणून. दातदुखीची जुनी चित्रं असतात ना, अगदी तसा दिसायचा. नुसत्या पट्ट्याने ना घोरणं कमी होतं ना ॲप्निया, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात स्पष्ट दिसलं. ओठांवर चिकटवायच्या टेपची हल्ली फार चलती आहे. नाक बंद असलेल्या माणसाचं तोंडही बंद करायचं, हा विचार मला तरी झेपला नाही. करंगळीतली अंगठी आणि नाकातलं चुंबक यांवर शाई खर्च करत नाही.

गरम पाण्यात मऊ करून चावायचं, दातांवर बसवायचं कवच मात्र या खणातलं सर्वांत खरं. खालचा जबडा थोडा पुढे आला की जीभही पुढे ओढली जाते आणि घशाची वाट मोकळी होते. दंतवैद्याने मापाने केलेलं, हळूहळू पुढे सरकवत नेलेलं असं उपकरण सौम्य आणि मध्यम ॲप्नियावर रीतसर उपचार म्हणून दिलं जातं. म्हणूनच आयतं मिळणारं कवच मला सर्वांत धोक्याचं वाटतं. ते आवाज कमी करतं. आमच्याकडेही केला. जबडा किती पुढे यायला हवा, दात हलताहेत का, जबड्याचा सांधा दुखतोय का, आणि मुख्य म्हणजे श्वास थांबायचा थांबला का, हे बघायला मात्र कोणी नव्हतं. खोली शांत झाली. मी झोपू लागले. आणि त्या घरात रात्री जागा असणारा एकमेव पहारेकरी म्हणजे मीच होते.

माझी खरी तक्रार ही आहे. पट्टी, स्प्रे, कवच यांनी आजार वाढतो असं नाही. पण ॲप्नियाच्या माणसाकडे शेजारच्याला ऐकू येणारी धोक्याची घंटा एकच असते, तो आवाज. ती घंटा गुंडाळून ठेवायचं सामान आपण विकतो आणि घेतो, तेही घंटा का वाजते आहे हे न विचारता.

आणि त्या पिशवीतली तिसरी वस्तू, गुंगीची गोळी. घशाची वाट बंद झाली की मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, स्नायू ताणले जातात, श्वास सुरू होतो. ते दचकणं हाच त्याचा बचाव. दारूने घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात आणि ही जाग उशिरा येते, हे पक्कं माहीत आहे. गुंगी आणणारी औषधं घोरणाऱ्या माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, हे तुम्हाला मी सांगायचं, म्हणजे मलाच अवघडल्यासारखं होतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही डॉक्टर नाही, आणि रांगेत दहा माणसं उभी असतात. मान्य. निदान करा असं मी म्हणतच नाही. पण २००८ साली टोरंटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी ॲप्नियाचे संभाव्य रुग्ण चाळून काढण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. स्टॉप-बँग तिचं नाव. हो-नाही अशी उत्तरं असलेले आठ प्रश्न: मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा किंवा झोप असते का, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का, रक्तदाब आहे का, वजन उंचीच्या मानाने फार जास्त आहे का (बीएमआय ३५ च्या वर), वय पन्नाशीच्या पुढे आहे का, मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का, पुरुष आहात का. तीन किंवा जास्त 'हो' आले तर शंका घ्यायची, पाच किंवा जास्त आले तर दाट शंका. यातले निम्मे प्रश्न तुम्हाला विचारावेही लागत नाहीत, माणूस समोर उभा असला तर दिसतात. रक्तदाबाचं उत्तर तर तुमच्याच बिलात असतं. माझ्या नवऱ्याचे सहा भरले असते. शर्टाच्या कॉलरचं वरचं बटण लागत नाही, ही तक्रार तो दोन वर्षं करत होता आणि मी शिंप्याला दोष देत होते.

एक सावधगिरी मात्र ठेवा. ही प्रश्नावली बायकांच्या बाबतीत चकवते. शेवटचा प्रश्नच त्यांना एक गुण कमी देतो. शिवाय पुष्कळ बायका घोरण्याची तक्रार घेऊन येतच नाहीत. झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, अंगात त्राण नाही, असं सांगतात आणि शक्तीची गोळी घेऊन जातात. पाळी गेल्यानंतर त्यांच्यात ॲप्नियाचं प्रमाण वाढतं, तरी 'बाई कुठे घोरते का' या लाजेपोटी शेजारचाही बोलत नाही. आणि रोज घोरणाऱ्या लहान मुलासाठी कोणी पट्टी मागितली, तर ती देऊच नका. टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले असू शकतात. असं मूल दिवसा पेंगतंच असं नाही, उलट एका जागी बसत नाही आणि शाळेत बोलणी खातं.

हा थोड्यांचा प्रश्न आहे असंही समजू नका. २०१९ च्या एका अंदाजानुसार जगात ३० ते ६९ वयाच्या सुमारे ९३ कोटी ६० लाख लोकांचा झोपेतला श्वास तासाला पाच किंवा त्याहून जास्त वेळा अडतो. त्यांतले साडेबेचाळीस कोटी मध्यम किंवा तीव्र गटातले. बहुतेकांना पत्ताही नाही. त्यांतले किती जण गेल्या आठवड्यात तुमच्या काउंटरवरून गेले, याचा हिशोब तुम्हीच करा.

पाकिटावर इशारा छापायला लावणं हे अर्थातच तुमच्या हातात नाही. पण ते अशक्यही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) घोरणं थांबवण्याचा दावा करणाऱ्या एका घशाच्या स्प्रेच्या विक्रेत्यांवर कारवाई केली, तेव्हा हे उत्पादन स्लीप ॲप्नियावरचा उपचार नाही, हे जाहिरातीत सांगा, अशी अट घातली होती. ही गोष्ट वीस वर्षांहून जुनी आहे. माझ्या खणातल्या सहा खोक्यांपैकी दोनांवर असं काहीसं छापलेलं सापडलं, भिंगातून वाचल्यावर.

मग माणसाला द्यायचं काय, असं विचाराल. नुसता आवाज असेल, दिवसा माणूस टवटवीत असेल, नाक चोंदत असेल, तर पट्टी द्या, खुशाल द्या. उताणं झोपल्यावरच घोरत असेल तर सदऱ्याच्या पाठीवर टेनिसचा चेंडू शिवायची जुनी युक्ती सांगा; कुशीवर झोपवणं काही जणांना खरंच पुरतं. रात्रीची दारू बंद. वजनाचं बोलायचं धाडस असेल तर हेही सांगा, की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षं पाहिलेल्या लोकांत दहा टक्के वजन वाढल्यावर श्वास अडण्याचे प्रसंग सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले आणि दहा टक्के घटल्यावर सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाले. घशाच्या आणि जिभेच्या व्यायामांवर ब्राझीलमध्ये झालेला अभ्यास २००९ साली आला. तीन महिन्यांच्या व्यायामाने मध्यम ॲप्नियाच्या रुग्णांचा तासाचा आकडा सुमारे २२ वरून १४ च्या आत आला. त्याआधी २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी तर पंचवीस जणांतल्या निम्म्या मंडळींना चार महिने डिजेरिडू नावाचा ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींचा लांबलचक कर्णा वाजवायला लावला, आणि त्यांची दिवसाची पेंग कमी झाली. आमच्याकडे हा प्रयोग मी होऊ दिला नाही. एका आवाजातून सुटायला दुसरा कशाला?

पण श्वास थांबत असेल, तर तुमच्या फळीवर त्यावर काहीही नाही. एकही गोळी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी टिर्झेपाटाइडला मान्यता दिली. या आजारासाठी मान्यता मिळालेलं हे पहिलं औषध, तेही इंजेक्शन, तेही चिठ्ठीवर. मुख्य उपचार अजूनही सीपॅपच, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवणारं यंत्र. कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी चालवून नाकातून दाबाने हवा सोडली आणि पाच रुग्णांवरचा तो प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध केला. आमच्या पलंगाशेजारी आता त्याचाच वंशज गुणगुणतो. पहिले दहा दिवस नवऱ्याने मास्क रात्री दोनला काढून फेकला. मग मास्कचा आकार बदलला, नाकापुरता आणला, तेव्हा टिकला. हे जादूचं यंत्र आहे असं मी कोणाला सांगत नाही. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या २,७१७ लोकांवरच्या २०१६ मधल्या मोठ्या चाचणीत त्याने पुढचे झटके कमी केले नाहीत; अर्थात ती माणसं रात्री सरासरी सव्वातीन तासच मास्क लावत होती. घोरणं आणि दिवसाची झोप मात्र त्यांचीही कमी झाली. माझा नवरा आता सिग्नलला जागा असतो. रक्तदाबाच्या दोन्ही गोळ्या चालूच आहेत.

तेव्हा मागणं एवढंच. पट्ट्यांच्या फळीवर, तुम्हाला दिसेल अशा बाजूला, एक चिठ्ठी चिकटवा: "नुसता आवाज की श्वासही थांबतो? दिवसा पेंग येते?" श्वास थांबतो किंवा पेंग येते, यांपैकी एकही उत्तर आलं, तर पाकीट द्यायच्या आधी सांगा, की एका रात्रीचं रेकॉर्डिंग फोनवर करा आणि कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांना ऐकवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. "कोरडा की कफाचा" यालाही तेवढाच वेळ लागतो.

शनिवारी मी या महिन्याच्या गोळ्या न्यायला येणार आहे. रांगेत माझ्या पुढे कोणी घोरण्यावर काही मागितलं, तर मी तुमच्या तोंडाकडे बघत उभी असेन.

आपली,
घोरणाऱ्याच्या शेजारी झोपणारी एक गिऱ्हाईक